चॉप सोडायचा?

परवा नात टेबल टेनिसच्या क्लासवरून आली ती गाल फुगवूनच. "आजोबा, सर म्हणाले चॉप सोड. डिफेन्सचा जमाना गेला." पोरगी अकरा वर्षांची. रात्री धड जेवलीसुद्धा नाही.

मला राग आला, खोटं कशाला सांगू? पण सरांचं अगदीच चुकलं असंही नाही. १९५२ साली जागतिक स्पर्धा आपल्या मुंबईतच झाली आणि जपानच्या हिरोजी सातोने ती जाड स्पंजच्या बॅटने जिंकली. त्या बॅटचा आवाजच होत नसे. टकटक ऐकून अंदाज बांधणारे भलेभले गडबडले. तेव्हापासून वारं फिरलं ते आक्रमणाकडेच. तरी २००३ साली पॅरिसला कोरियाचा जू से-ह्युक चॉप करत करत अंतिम फेरीत पोचलाच ना? आणि आपली मनिका बात्रा? बॅकहँडला लांब दाण्यांचं रबर लावूनच तिने २०१८ साली राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं.

माझं म्हणणं असं, की मुलांना बचाव नीट शिकवलाच जात नाही, आणि मग तो कुचकामी ठरवला जातो. ब्लॉकच बघा. चेंडू टप्पा पडून उठत असतानाच घ्यायचा, बॅट थोडी झाकलेली, मूठ सैल. हात मागे न्यायचाच नाही. मुलं मात्र बॅट पुढे ढकलतात, चेंडू टेबलाबाहेर, आणि खापर ब्लॉकवर!

चॉपला तर सवड हवी. टेबलापासून मागे सरायचं, गुडघे वाकवायचे, चेंडू उतरू द्यायचा, पार कमरेच्या खाली. मग बॅट खांद्याजवळून खाली आणि पुढे आणत चेंडूच्या बुडाशी घासायची. कुऱ्हाड घातल्यासारखं आपटायचं नाही, इथेच सगळे चुकतात. समोरच्याची टॉपस्पिन जितकी जोरकस, तितका आपला चॉप जड होऊन परततो. त्याचीच फिरकी त्याला परत! (वर्गात वात्रट मुलांना मी असंच हाताळत असे.)

हां, नुसतं परतवत राहूनही भागत नाही. दहा मिनिटांत गेम संपला नाही आणि अठरा गुणही झाले नसले तर नियम बदलतो. मग तेरा वेळा चेंडू परतवला की गुण परतवणाऱ्याचा. म्हणजे नियमानेसुद्धा बचावाची किंमत केलेली आहे.

काल मुलुंडला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये नातीला म्हटलं, चल, मोजू. तिने सलग बावीस चॉप परतवले. तेविसावा नेटमध्ये गेला. तो तिचा नव्हे, माझा होता. गुरुवारी क्लासला मीही तिच्याबरोबर जाणार आहे. सरांशी भांडायला नाही, विचारायला.