यंदा सहल जिल्ह्यातच काढा ना!

दिवाळी झाली की कॉलेजात सहलीची चर्चा सुरू होते. नावं ठरलेली: महाबळेश्वर, गणपतीपुळे, नाहीतर गोवा. नेरहून बस रात्री सुटते आणि जिल्हा झोपेतच मागे पडतो. कुणी म्हटलंच, ‘इथंच फिरू’, तर लगेच उत्तर येतं, ‘आपल्या इथं पाहासारखं हाय तरी काय?’

आता आयर्लंडचं बघा. डब्लिनहून सकाळी निघालेली टुरिस्ट बस पश्चिम किनाऱ्यावरचे मोहरचे कडे दाखवून रात्री परत येते. वाटेत दिसतात ती दगडी बांधांची शेतं, गुरं, मेंढ्या, लहान गावं. १८४५ पासून काही वर्षं बटाट्याचं पीक रोगानं गेलं, तेव्हा याच देशात लाखो माणसं मेली, लाखो देशोधडीला लागली. आज तीच शेतं खिडकीतून बघायला जगभरचे लोक पैसे मोजतात. कारण तिथं त्या वाटेची गोष्ट सांगणारं कुणीतरी बसमध्ये असतं.

आपल्याकडे गोष्टी कमी आहेत का? नेर, दारव्हा, यवतमाळ, कळंब आणि परत, एवढा फेरा एका दिवसात होतो. दारव्ह्यावरून शकुंतला जायची. विदर्भाचा कापूस बाहेर नेण्यासाठी इंग्रजांच्या काळात टाकलेली ही अरुंद रेल्वे १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावली, आता बंद आहे. कळंबला पायऱ्या उतरून चिंतामणीचं दर्शन घ्या आणि स्टेशनही बघा. वर्धा-कळंब गाडी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. मधल्या वाटेवर कापसाची वेचणी चाललेली असते.

खरा मुद्दा पैशाचा आहे. लांबच्या सहलीत वर्गातले काही जण नाव देतच नाहीत. ‘तब्येत बरी नाही’ म्हणतात, पण घरचा कापूस अजून विकलेला नसतो. शैक्षणिक सहलीला एसटी भाड्यात ५० टक्के सवलत देते. सहल एका दिवसाची असेल तर मुक्कामाचा खर्चही वाचतो. मग अख्खा वर्ग येऊ शकतो.

उद्या पुण्यात कुणी ‘यवतमाळ म्हणजे शेतकरी आत्महत्या ना?’ असं विचारेल. ते खोटं नाही, पण तेवढंच खरं नाही. बाकीचं आपण सांगायचं, तर आधी बघायला नको? यंदा सहलीच्या मीटिंगमध्ये हे नाव सुचवा. बसमध्ये गाणी लावाच, पण ज्याचं गाव येईल त्याच्या हाती पाच मिनिटं माईक द्या.