पाटी वीस मिनिटांची, रांग तासाभराची

ट्रेडमिलसमोरच्या भिंतीवर ‘एका सभासदाने २० मिनिटांपेक्षा जास्त वेळ मशीन वापरू नये’ अशी पाटी नसलेली जिम आता शोधावी लागते. नाशिकच्या कॉलेज रोडवर ती काचेवर छापलेली असते, आमच्या पिंपळगाव बसवंतला प्रिंट काढून चिकटपट्टीने लावलेली असते, एवढाच काय तो फरक. पाळली कुठेच जात नाही. वीसच मिनिटं का, असं मालकाला विचारावं तर उत्तर येतं, ‘सगळीकडे वीसच असतात.’

सकाळी साडेसहाला तालुक्याच्या ठिकाणच्या कुठल्याही जिममध्ये जाऊन बघा. दोन ट्रेडमिल, एक क्रॉस ट्रेनर, सीट उसवलेली एक सायकल. पहिल्या ट्रेडमिलवर साठी ओलांडलेले नाना, डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून आलेले, वेग ताशी साडेचार. शेजारच्या मशीनवर पोलीस भरतीची तयारी करणारा पोरगा बाराच्या वेगाने धावतोय, अख्खी फरशी हादरतेय. मागे तिघे उभे. क्रॉस ट्रेनरच्या दांडीवर कुणीतरी नॅपकिन टाकून नंबर धरलाय आणि स्वतः खाली चहाला गेलाय. ‘नाना, किती राहिलं?’ ‘झालंच, पाच मिनिटं.’ पाच मिनिटांनी नाना स्टॉप दाबतात, आकडे शून्यावर येतात आणि नाना पुन्हा स्टार्ट दाबतात. आता पाटीप्रमाणे ते नुकतेच चढलेत. ट्रेनरला हे दिसतं, पण तो डंबेल्स रॅकवर नीट लावायला लागतो, कारण नाना मालकाच्या सासऱ्यांचे दोस्त.

नियम कडक करा, मीटर लावा, दंड ठेवा, अशा सूचना आपल्याच जिमवाल्या मंडळींकडून येतात. त्याआधी साधा हिशेब मांडू. सकाळी सहा ते आठ ही गर्दीची वेळ, म्हणजे प्रत्येक मशीनला १२० मिनिटं. वीस मिनिटांची पाळी आणि पुसापुशी, चढउतार यांची दोन मिनिटं धरली तर एका ट्रेडमिलवर पाच जण होतात, दोनवर दहा. पाळी तीस मिनिटांची केली तर एकीवर तीन, दोनवर सहा, आणि प्रत्येक मशीनवर वर चोवीस मिनिटं उरतात, त्यात दोघांची छोटी पाळी बसते. आता बॅच चाळीस जणांची असेल आणि चाळिसांनाही ट्रेडमिल हवी असेल, तर वीस काय आणि तीस काय! दहा मिनिटं कमी करून दोन-चार माणसं जास्त बसतात, बाकीचे उभेच. पाटीने रांग मोडत नाही, हे गणितच सांगतं.

मग रांग लागते कशामुळे? आमच्या मते ती आपणच लावतो. नवा सभासद आला की आपला ट्रेनर ठरलेलं वाक्य टाकतो, ‘जा, आधी वीस मिनिटं ट्रेडमिल कर, मग ये.’ वजन कमी करायचं असो, वाढवायचं असो, गुडघा दुखत असो की नुकतं लग्न ठरलेलं असो, सुरुवात ट्रेडमिलवरूनच. सहाला आलेले पंधरा जण सहा वाजून पाच मिनिटांनी त्याच दोन पट्ट्यांपुढे उभे राहतात आणि सव्वासातला त्याच दोन ट्रेडमिल रिकाम्या पडतात. नव्या माणसाला वीस मिनिटं पट्ट्यावर पाठवलं की ट्रेनरची वीस मिनिटं सुटतात, हे त्यामागचं खरं कारण. आपण सगळे हे जाणतो, बोलत नाही. निम्म्या सभासदांच्या कार्डावर कार्डिओ शेवटी लिहिला तर त्याच खोलीत, त्याच मशीनवर, एक रुपयाही खर्च न करता रांग निम्म्यावर येते. ताकदीचे व्यायाम ताज्या अंगाने करावेत आणि कार्डिओ मागाहून, हे स्नायू वाढवू पाहणाऱ्यांसाठी तसंही बरं. वॉर्मअपसाठी तर ट्रेडमिल लागतच नाही. जागेवरची उडी, सूर्यनमस्कार, हलक्या वजनाचा पहिला सेट यांनी अंग तापतं.

भरतीच्या पोराचंही तेच. त्याला मैदानी चाचणीत १६०० मीटर धावायचंय, मुलींना ८०० मीटर. तिथे वळणं असतात, वारा असतो, शेजारी दुसरे उमेदवार कोपर मारत असतात. पायाखाली आपोआप सरकणारा पट्टा यातलं काही शिकवत नाही. त्याला आठवड्यातले चार दिवस मैदानावर पाठवा आणि जिममध्ये पायांची ताकद करून घ्या. त्याचा वेळही सत्कारणी लागेल आणि एक मशीनही मोकळी होईल. नानांचं तसं नाही. पहाटे महामार्गाच्या सर्व्हिस रोडवर टोमॅटोच्या क्रेटनी भरलेल्या पिकअप धावत असताना त्यांनी बाहेर चालावं, असं आम्हीही म्हणणार नाही. त्यांना ट्रेडमिलच हवी आणि वीस मिनिटांपेक्षा जास्त हवी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम सांगतात. आठवड्यातले पाच दिवस तीस मिनिटं धरली तर दीडशे भरतात. वीस मिनिटांच्या पाळीत सुरुवातीची पाच मिनिटं अंग तापवण्यात आणि शेवटची चार-पाच उतरत्या वेगात गेली, तर कामाची उरतात दहा. त्यात मागे उभा असलेला माणूस घसा खाकरत असेल, तर शेवटची चार-पाच कुणी करतच नाही. वेगात असतानाच स्टॉप दाबून उतरतात. हे धोक्याचं आहे. धावताना पोटऱ्या रक्त वर ढकलत असतात. पाय एकदम थांबले की रक्त खाली साचतं, दाब पडतो आणि भोवळ येते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याला तर हा धोका जास्तच. आपल्याला मिनिटं कापायचीच असतील तर ती मधल्या भागातून कापावीत. शेवटच्या उतारावर कात्री लावणारा नियम नसलेला बरा.

मिनिटांचा शास्त्रशुद्ध विचार या यंत्रावर दवाखान्यात झाला. सभासद ज्याला ‘टीएमटी’ म्हणतात त्या चाचणीची रूढ पद्धत अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट ब्रूस यांची, १९६३ सालची. दर तीन मिनिटांनी वेगही वाढतो आणि चढही. बहुतेकांची दमछाक बारा मिनिटांच्या आतच होते. म्हणजे मिनिटं किती, हा प्रश्न वेग आणि चढ सांगितल्याशिवाय अर्धाच राहतो. जपानच्या इझुमी ताबाता यांनी १९९६ मध्ये सायकलवर वीस सेकंद जोर, दहा सेकंद विसावा अशा सात-आठ फेऱ्यांचा परिणाम मोजला. जेमतेम चार मिनिटांचं काम. पंचविशीतल्या धडधाकट सभासदाला गर्दीच्या वेळी दहा-बारा मिनिटांचं असं जोरकस काम सायकलवर देता येईल आणि नानांना पस्तीस मिनिटं शांतपणे चालू देता येईल. दोघांनाही वीसच्या मापात कोंबण्यात न्याय दिसतो खरा, पण फायदा एकाचाही होत नाही. (ट्रेडमिलचं मूळ रूप इंग्लंडच्या तुरुंगांत सापडतं. विल्यम क्यूबिट यांनी १८१८ मध्ये कैद्यांना राबवण्यासाठी पायचक्की काढली. पुढे ऑस्कर वाइल्डच्याही नशिबी ती आली. तिथे उतरायची वेळ कधी होते याकडे डोळे लागायचे. इथे पैसे भरून माणसं चढायला भांडतात.)

सामायिक साधनाची शिस्त आपल्याला परक्यांकडून शिकायची गरज नाही. नाशिकच्या यशवंत व्यायामशाळेसारख्या जुन्या संस्थांमध्ये मल्लखांब बघा. खांब एक, पोरं पंधरा-वीस. एक उडी घेतो, दोन पकडी करतो, उतरून रांगेच्या शेवटी जातो. रांगेतला पोरगा मोबाइल बघत उभा नसतो. तो बैठका काढतो, अंग सैल करतो, पुढच्याची पकड न्याहाळतो. पाळी किती वेळाची, हे खांबाशी उभे असलेले शिक्षक ठरवतात आणि सरांचा शब्द अखेरचा. कार्डिओची पाळी अर्ध्या मिनिटाची करता येणार नाही, हे मान्य. पण थांबण्याचा वेळ व्यायामात घालवायचा आणि ‘उतर’ म्हणायचं काम शिक्षकाने करायचं, एवढं घेता येईल.

या दुसऱ्या गोष्टीत आपण सगळ्यात कच्चे आहोत. पाटी लावून आपण मोकळे होतो आणि अंमलबजावणी सभासदांवर सोडतो. मग पंचविशीतल्या मुलाने साठीच्या माणसाला उतरायला सांगायचं, सुनेने सासूच्या मैत्रिणीला. गाव लहान आहे. सकाळी जिममध्ये वाजलं की दुपारी ते बाजार समितीच्या आवारात पोहोचतं. ज्याच्याकडे रजिस्टर आहे त्यानेच सांगितलं पाहिजे. व्यावसायिक दर्जाच्या बऱ्याच मशीनमध्ये एका सत्राची कमाल वेळ आत बसवता येते. वेळ संपत आली की मशीन स्वतःच वेग उतरवते. विक्रेत्याच्या माणसाकडून ती सोय समजून घ्या. ते जमत नसेल तर फळा आणि मार्कर पुरे: नाव, चढायची वेळ, उतरायची वेळ. नॅपकिनने धरलेला नंबर बाद. आणि पर्सनल ट्रेनिंगच्या ग्राहकाला ट्रेनर स्वतः मशीन अडवून देतो, हा प्रकार बंद झाल्याशिवाय बाकीच्यांकडून शिस्तीची अपेक्षा करू नका. त्याने जास्तीचे पैसे ट्रेनरच्या वेळेचे दिलेत, पट्ट्याचे नव्हे.

काही ठिकाणी वीस मिनिटांचं खरं कारण वेगळंच असतं. घरगुती वापराची ट्रेडमिल स्वस्तात मिळाली म्हणून जिममध्ये आणलेली असते आणि सलग चालली की मोटर तापून वास सुटतो. मग तसं स्पष्ट लिहा, ‘मशीनला विश्रांती’. लोक समजून घेतात. डेक आणि पट्ट्यामध्ये सिलिकॉन ऑइल वेळेवर सोडलं, स्टॅबिलायझर बसवला, तर निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. लाइट गेली तर पाळी कुणाची, हेही आधी ठरवून ठेवा. पट्टा अचानक थांबतो तेव्हा माणूस पुढे झुकतो. दांडी धरायची सवय पहिल्याच दिवशी लावा. वीज परतल्यावर ज्याची पाळी अर्धी राहिली त्याला उरलेली मिनिटं मिळावीत.

आपल्या भागात गर्दीला हंगाम असतो, हे पुण्या-मुंबईचे सल्ले वाचून कळणार नाही. तिकडे जानेवारीत नव्या वर्षाचे संकल्प घेऊन लोक येतात. निफाड तालुक्यात तेव्हा द्राक्षाची तोड सुरू होते आणि बागायतदार पहाटेपासून बागेत असतो. ऑक्टोबरच्या छाटणीतही तेच. पावसाळ्यात उलट: बाहेर चिखल, शिवाराकडे फिरायला जाणारेही जिमकडे वळतात आणि ट्रेडमिलवर झुंबड उडते. म्हणून वर्षभर एकच पाटी ठेवण्यात अर्थ नाही. पंधरा दिवस रजिस्टरवर नुसत्या वेळा लिहून काढा. गर्दीचा खरा तास सापडेल. मर्यादा त्या तासापुरती, त्या हंगामापुरती. दुपारी तीन वाजता रिकाम्या हॉलमध्ये एकट्या चालणाऱ्या माणसाला वीस मिनिटांची पाटी दाखवणारे महाभाग आम्ही पाहिलेत.

तिसरी ट्रेडमिल घ्यावी का, असं विचारणारी पत्रं येतात. तीन अश्वशक्तीची मोटर पूर्ण भारावर सव्वादोन किलोवॉटच्या आसपास वीज खेचते, ते बिलात दिसतंच. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमच्या शुल्कावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला खरा, पण त्यासोबत खरेदीवर भरलेल्या कराची वजावट गेली. नोंदणी असलेल्यांनी नव्या मशीनची किंमत करासकट स्वतःच्या खिशातून धरावी. आमचा कौल स्पिन बाइकला: वीज लागत नाही, जागा कमी, लाइट गेली तरी चालू. आणि रोइंग मशीन आधीच असेल, तर तिच्यावर वाळत घातलेले टॉवेल काढा. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव नौकानयनपटू होता, एकेरी स्कल्समध्ये तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघातून त्याने सुवर्ण जिंकलं. त्याच्या स्पर्धेचं अंतर २००० मीटर, वेळ सात मिनिटांच्या आगेमागे. त्याच्या गावापासून हाकेच्या अंतरावरच्या जिममध्ये ही मशीन धूळ खाते, कारण ती कशी ओढायची हे आपल्या ट्रेनरलाच येत नाही. आधी पायांनी रेटा, मग पाठ, मग हात. अर्ध्या तासात शिकता येतं.

शेवटी महिलांच्या बॅचबद्दल, कारण तिथे वीस मिनिटांचा नियम सगळ्यात जास्त बोचतो. लहान गावांत बायकांसाठी दुपारी दीड-दोन तास राखलेले असतात. पुरुषांना मशीन आत्ता मिळाली नाही तर संध्याकाळी मिळते, बायकांना दुसरी वेळच नसते. फी मात्र तेवढीच. त्यात वजनांच्या बाजूला त्यांना कुणी नेतच नाही, ‘ताई, तुम्ही ट्रेडमिल करा’ म्हणून विषय संपतो, आणि मग पंधरा जणी दोन पट्ट्यांसाठी थांबतात. तिथे घड्याळ लावण्याआधी एक शिकलेली महिला ट्रेनर लावा आणि डंबेल्सचा रॅक त्यांच्यासाठी उघडा. ते होत नसेल तर बॅच तासाभराने वाढवा. आणि मर्यादा जी काही ठरेल, ती प्रवेशाच्या फॉर्मवर मराठीत, गर्दीच्या वेळेसकट छापा. ‘अनलिमिटेड कार्डिओ’चं पोस्टर लावून वर्षाची फी आगाऊ घ्यायची आणि तिसऱ्या महिन्यात भिंतीवर पाटी चिकटवायची, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली त्या सभासदाची तक्रार उभी राहू शकते. जुन्या सभासदांची मुदत संपेपर्यंत त्यांना नवा नियम विनंती म्हणूनच सांगा, नूतनीकरणाच्या फॉर्मपासून तो लागू करा.