खुकरी आणि तिचा लोहार

खुकरी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे गुरखा शिपाई उभा राहतो. १८१४ ते १८१६ च्या युद्धात कंपनी सरकारच्या फौजेने त्याचा हात पाहिला आणि १८१५ पासून तोच हात आपल्या पगारावर ठेवून घेतला. १९४७ साली दहा गुरखा रेजिमेंटांपैकी सहा आपल्याकडे राहिल्या, चार इंग्रजांकडे गेल्या. हे सारे आपल्याला पाठ आहे. पण खुकरी चालवणाऱ्याचे गुणगान करताना ती घडवणारा कोण, हे कोणी विचारीत नाही. दिवाळीच्या आधी काठमांडूहून दोन हातघडणीच्या खुकऱ्या आणल्यापासून माझे लक्ष या दुसऱ्या माणसाकडे लागले आहे.

ग्वाल्हेरला नेपाळ तसे परके नाही. विजयाराजे शिंद्यांचे आजोळ तिथल्या राणा घराण्यातले, आणि माधवीराजे तर थेट नेपाळातून येथे सून होऊन आल्या. तरीही त्या देशाविषयीची आपली माहिती पशुपतिनाथ आणि रुद्राक्ष यांच्यापलीकडे फारशी जात नाही.

आधी वस्तूविषयी. एक खुकरी भोजपुरे घडणीची, रुंद पोटाची आणि जड. दुसरी सिरुपाते, म्हणजे सिरू नावाच्या गवताच्या पात्यासारखी सडपातळ. म्यानाला तिकडे ‘दाप’ म्हणतात. आत लाकूड, वरून चामडे. त्याच्या पाठीशी दोन पिटुकल्या सुऱ्या खोचलेल्या असतात: बारीकसारीक कापण्यासाठी ‘कर्द’, आणि ठिणगी पाडण्यासाठी किंवा धारेवरून फिरवण्यासाठी ‘चकमक’. (हा शब्द ऐकून नेपाळी शिकायला आपल्याला फार दिवस लागू नयेत असे वाटले.) या दोन्ही सुऱ्या मला केवळ रीत म्हणून दिल्यासारख्या वाटल्या. कर्द लिंबू कापते, त्यापुढे तिची मजल जात नाही.

खोक्यातून काढून निरखले तेव्हा म्यानाची शिवण एका जागी वाकडी दिसली, मोठीची मूठ पात्याच्या रेषेपासून किंचित कललेली, आणि दोन्ही पात्यांवर कानशीचे ओरखडे. एका स्नेह्यांनी तत्काळ ‘फिनिशिंग नाही’ असा निकाल देऊन टाकला. मी घरातली कानस आणून पात्यावर हलकेच फिरवली. पोटाजवळच्या धारेवरून ती काचेवरून घसरावी तशी घसरली. पाठीवर मात्र तिने लोखंड धरले. निकाल द्यायचाच तर तो या ठिकाणी द्यावा.

कारण खरी विद्या आहे ती येथे. पाते बहुधा जुन्या ट्रकच्या कमानपाट्याचे असते. कोळशाच्या भट्टीत तापवलेला तुकडा एकजण चिमट्यात धरतो, दुसरे त्यावर घण घालतात. आकार आला की पाते पुन्हा लाल करतात आणि किटलीने, होय, चहाच्या किटलीने, पाण्याची बारीक धार केवळ पात्याच्या धारेवरून सोडतात. सबंध पाते पाण्यात बुडवले तर ते सगळेच कडक होऊन ठिसूळ व्हायचे. या रीतीने धार तेवढी कडक होते आणि पाठ चिवट राहते. लाकडाच्या गाठीवर बसलेला दणका पाठ सोसते. किती तापले हे सांगायला जवळ यंत्र नसते, तापल्या लोखंडाचा रंग असतो आणि तो ओळखणारा डोळा असतो. शिवणीच्या चार वाकड्या टाक्यांवरून अशा माणसाची परीक्षा करणाऱ्याने निदान हातात कानस तरी घ्यावी.

परसातल्या कडुनिंबाच्या मनगटाएवढ्या फांद्या मोठीने एका-दोन घावांत उतरल्या. वजन पुढे असल्यामुळे जोर आपण लावायचा नसतो, फक्त दिशा द्यायची असते. आपल्या कोयत्याची ही थोरली बहीण. तक्रार एकच, ती मुठीची. मूठ म्हशीच्या शिंगाची, मध्ये उंच कडे असलेली. ते कडे दोन बोटांच्या बेचक्यात बसावे अशी योजना आहे. माझ्या पंजाला ती आखूड पडली आणि अर्ध्या तासात करंगळीखाली फोड आला.

एकदा म्यानाबाहेर काढली की खुकरीला रक्त पाजल्याशिवाय परत ठेवू नये, ही दंतकथा मला तिथे दोन दुकानांत ऐकायला मिळाली. पहाडातली बाई याच पात्याने दिवसभर गवत, सरपण, बांबू आणि आले कापते. तिने हा नियम पाळायचा म्हटले तर संध्याकाळपर्यंत बिचारीच्या अंगात काही उरायचे नाही. मुठीजवळच्या खाचेचेही तसेच. तिला ‘काउडी’ म्हणतात. कोणी तिच्यात गाईचे खूर पाहतो, कोणी शिवाचा त्रिशूळ, आणि कोणी म्हणतो, रक्त मुठीवर ओघळू नये म्हणून ती आहे. जितकी दुकाने तितके अर्थ.

घडवणाऱ्याची जात मात्र एकच: कामी. खुकरी, विळा, कुदळ, आणि आपल्या विळीसारखीच पायाखाली दाबून भाजी चिरण्याची ‘चुलेसी’, सगळे त्याच्या भट्टीतले. गावाची अवजारे घडवायची, दुरुस्त करायची आणि सुगीला धान्य घ्यायचे, या पद्धतीला तिकडे ‘बालीघरे’ म्हणतात. आपल्या वाचकांना ‘बलुते’ म्हटले की अधिक सांगायला नको. १८५४ च्या मुलुकी ऐनाने या कामीला पाणी न चालणाऱ्या जातींत घातले. १९६३ च्या नव्या ऐनाने तो भेद कायद्यातून गेला, आणि अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा ठरवणारा स्वतंत्र कायदा २०११ साली झाला. मधल्या शंभराहून अधिक वर्षांत दशैंच्या नवमीला त्याच्या हातचे पाते देवापुढे पूजेला बसत होते आणि तो स्वतः उंबऱ्याबाहेर उभा होता.

हे वाचून नेपाळ्यांना नावे ठेवण्याची घाई नको. आपल्या लष्करातल्या जुन्या वाड्यांत खंडेनवमीला ज्या तलवारी पाटावर मांडल्या जातात, त्या कोणत्या पूर्वजाने कोणत्या मोहिमेत चालवल्या हे घरातले पोरही सांगते. त्या घडवल्या कोणी, हे मी ज्यांना ज्यांना विचारले त्यांतल्या एकालाही सांगता आले नाही. आमच्या घरातही नाही.

खुकरी विकणाऱ्यालाही मी तेच विचारले. तो म्हणाला, ‘विश्वकर्मा.’ हे नाव नव्हे. अनेक कामी आज हेच आडनाव लावतात, कोणी नुसते ‘बि. क.’ लिहितात. देवांच्या शिल्प्याचे नाव अंगावर, आणि स्वतःचे कुठेच नाही! म्यानावर दुकानाची मुद्रा ठसठशीत उमटवली आहे. पात्यावर कारागिराचा एक ठिपकासुद्धा नाही. चित्रकार चित्राच्या कोपऱ्यात सही करतो, सोनार दागिन्यावर छाप मारतो, मग लोहाराच्या नावाला पात्यावर अर्धा इंच जागा का मिळू नये? दुकानदाराला यात खर्च एका ठशाचा आहे. गिऱ्हाईक नाव विचारू लागले तर तो ठसा करून घेईल, आणि त्या नावाची मागणी वाढली तर मजुरीचा भाव ठरवताना त्या लोहारालाही दोन शब्द बोलता येतील. आज तो तुकड्यावर मिळेल ते घेतो.

तेव्हा आपल्यापैकी कोणी त्या बाजूला जाणार असेल तर मोर आणि देव कोरलेल्या चकचकीत खुकऱ्या तिथल्या तिथेच राहू द्याव्यात. साधी घ्यावी, जड हातानेच निवडावी, आणि नाव विचारावे. घरी आल्यावर पाते पुसून मोहरीच्या तेलाचा हात द्यावा व पावसाळ्यात ती म्यानाबाहेर ठेवावी. चामडे ओल धरते आणि गंज आधी धारेला लागतो.