धुराला चुना लावा, आम्हाला नको!



हल्ली एक युक्तिवाद वारंवार कानावर येतो, घरातल्या शिकल्यासवरल्या भाच्या-पुतण्यांकडूनसुद्धा! म्हणे, "आपल्याकडे आम्लपावसाने तळी मरत नाहीत. मग परळीच्या औष्णिक केंद्रासारख्या ठिकाणी धुरातलं गंधक काढणारी यंत्रं कशाला? उगाच विजेचं बिल वाढायचं."

यातलं पहिलं वाक्य मान्य. बीड जिल्ह्याची जमीन काळ्या खडकापासून झालेली, चुनखडीची. पावसातून थोडंफार आम्ल आलं तरी हा चुना ते मारून टाकतो. नॉर्वे-स्वीडनचं नशीब वेगळं. तिथे ग्रॅनाइटसारखा कठीण खडक आणि वर मातीचा पातळ थर. गेल्या शतकात तिथली हजारो तळी आम्ल होऊन माशांविना ओस पडली. गंधक कुठलं? बरंचसं परदेशी कोळशाचं. ब्रिटनने चिमण्या उंच केल्या आणि धूर शेजाऱ्याच्या अंगणात गेला!

ती तळी सावरली कशी? स्वीडनने पाण्यात चुना टाकला, पण तो म्हणजे तापात कपाळावर ठेवलेली ओली पट्टी. खरा उतार पडला तो चिमण्यांतलं गंधक कमी झाल्यावर. १९७९ साली जिनिव्हात करार झाला, १९८५ साली हेलसिंकीत ३० टक्के कपात ठरली. पाण्यातलं सल्फेट उतरलं. पण आम्लता त्या वेगाने हटली नाही, कारण मातीतलं कॅल्शियम आधीच धुऊन गेलं होतं. ते भरून यायला कित्येक दशकं लागतात. म्हणजे चूक थांबवली तरी लगेच सुटका नाही!

आता आपलं पाहा. डिसेंबर २०१५मध्ये केंद्र सरकारने या वायूवर मर्यादा घातली, मुदत दोन वर्षांची. मग मुदतवाढीवर मुदतवाढ. गृहपाठ न आणणाऱ्या पोराला आम्ही इतक्या सवलती कधी दिल्या नाहीत. आणि जुलै २०२५मध्ये देशातल्या सुमारे ७८ टक्के संचांना सूटच! चिमणीची उंची नियमात असली की झालं. सरसकट सक्ती उरली ती दिल्ली परिसर आणि दहा लाखांवर वस्तीच्या शहरांपासून दहा किलोमीटरच्या आत. आता परळीजवळ दहा लाखांचं शहर कुठून आणायचं? की खेड्यातल्या माणसाची छाती जास्त टणक असते?

आपल्या कोळशात गंधक कमी, हेही खरं. पण जळणारा कोळसा किती! त्या वायूपासून हवेत सल्फेटचे अतिसूक्ष्म कण होतात, दूरवर जातात, श्वासाबरोबर आत उतरतात. तळ्याभोवती काळी माती आहे, पण फुप्फुसात चुनखडी नसते, मंडळी.

गंमत म्हणजे हे यंत्र बहुधा चुनखडीच वापरतं. चुनखडीच्या पाण्याने धूर धुतात, गंधकाचं जिप्सम होतं. दुष्काळी भागात पाण्याची अडचण असेल, तर कोरड्या पद्धतीही आहेत. जे काम आज आपल्या मातीवर आणि छातीवर ढकललंय, ते चिमणीच्या अलीकडेच उरकता येतं. बिल वाढेल, हो. पण दवाखान्याचं बिल आज कोण भरतंय, तेही जरा मोजा.

तेव्हा सरकार, चुना धुराला लावा. आम्हाला लावू नका!