जंगलातल्या रस्त्यावर गाडी का थांबवू नये



सहकुटुंब प्रवासात मुलांना वन्यप्राणी दिसावेत म्हणून जंगलातल्या महामार्गांवर गाड्या थांबवू द्याव्यात, ही एका पत्रलेखकाची सूचना वरवर निरुपद्रवी वाटते. पण नागपूरहून सिवनीकडे जाताना पेंचच्या जंगलात काय केले आहे ते पाहावे. तिथे महामार्ग क्रमांक ४४ ठिकठिकाणी उंच उचलून प्राण्यांसाठी खालून नऊ वाटा मोकळ्या ठेवल्या आणि कडेला आवाज व उजेड अडवणाऱ्या भिंती घातल्या. वाघ, चितळ खालून जातात हे कॅमेऱ्यांनी टिपले आहे. वरच्या प्रवाशाला ते दिसत नाहीत, आणि योजना साधली ती नेमकी त्यामुळेच. अशा वाटा नसलेल्या रस्त्यावर एक गाडी थांबली की मागे चार थांबतात, कोणी काच खाली करून बिस्किटे फेकतो आणि रस्ता ओलांडायला आलेला कळप बावरून माघारी फिरतो किंवा समोरच्या ट्रकखाली जातो. बंदीपूरच्या जंगलातल्या महामार्गावर २००९ पासून मोजके अपवाद वगळता रात्री नऊ ते सकाळी सहा वाहतूक बंद ठेवावी लागली, ती उगाच नव्हे.

सफारी सर्वांना परवडत नाही, हा पत्रलेखकाचा आक्षेप मात्र खरा आहे. पण त्यासाठी व्याघ्रप्रकल्पातला महामार्गच कशाला हवा? सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा आहेत, कर्जतजवळ रेहेकुरीला काळवीट, हिवाळ्यात भिगवणला रोहित पक्षी. वाघ नाही म्हणून मुले हिरमुसतील असे म्हणतात. हिरमुसतात ते बहुधा पालक. वनखात्याने या ठिकाणांचे ठळक फलक पुणे-सोलापूर महामार्गावर लावावेत, एवढी मागणी पत्रलेखकाने केली असती तर मीही सही केली असती.

— एक वाचक, बारामती