खोती परत आली, गेमच्या रूपाने

चतुर्थीला भाचा मुंबईहून आचऱ्याला आला, तो पाच हजारांचा गेम घेऊन. दुकानातून रीतसर, पावतीसकट. स्वारीने वर्षभर खाऊचे पैसे साठवले होते. आरती झाली, जेवणं झाली, तबकडी आत सरकली आणि टीव्हीवर पाटी झळकली: आधी ६० जीबी डाउनलोड करा!

आता भाद्रपदातला पाऊस आणि आमच्या घराची रेंज यांचं नातं तुम्हा नातेवाइकांना ठाऊक आहेच. विहिरीच्या कठड्यावर उभं राहिलं तर दोन दांड्या मिळतात, त्याही वारा पडला असेल तर. गणपती गेले तरी गेम काही सुरू झाला नाही. बरं, हा काही दहाजणांनी मिळून खेळायचा गेम नव्हता. एकट्याने बसून खेळायची गोष्ट होती.

आई हे सगळं बघत होती. म्हणाली, "इकत घेतलंस मां रे? मगे आता खेळूक कोणाची परवानगी होयी?"

तिला सर्व्हर, लायसन्स वगैरे समजवायला गेलो आणि मध्येच गप्प बसलो. प्रश्न तिचाच बरोबर होता.

शेवटी माळ्यावरून १९९७ साली घेतलेला माझा व्हिडिओ गेम काढला. खाऱ्या हवेत त्याच्या पेटीचे खिळेसुद्धा गंजले होते. कॅसेटला फुंकर मारली, दुसऱ्या फुंकरीला काँट्रा सुरू! मामा-भाचे रात्री एक वाजेपर्यंत खेळलो. त्या कॅसेटने मला कधी विचारलं नाही, तू कोण, तुझा ईमेल काय.

तुम्ही म्हणाल, म्हातारा झालास, जुनं ते सोनं सुरू केलंस. तसं नाही. आजचे गेम दिसायला, खेळायला, गोष्ट सांगायला त्या काँट्राच्या शंभर पट सरस आहेत. माझं भांडण गेमशी नाही, मालकीशी आहे.

आपल्या कोकणात खोती होती. खोत सरकारला सारा भरायचा आणि कुळांकडून वसूल करायचा. जमिनीत राबायचं कुळाने, पण ती आपली म्हणायची सोय नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, आणि १९४९च्या कायद्याने ती संपली. आता खोत आडनावापुरते उरलेत, असं मी समजत होतो. पण आम्ही गेमवाले पुन्हा कुळं झालो आहोत. पैसे पूर्ण मोजायचे, मालकी शून्य, आणि खोताच्या मनात आलं की बाहेर!

अतिशयोक्ती वाटते? 'द क्रू' नावाचा गाड्या पळवायचा गेम यूबिसॉफ्टने २०१४ साली विकायला काढला. ३१ मार्च २०२४ला त्याचे सर्व्हर बंद केले. तो एकट्याने खेळायलासुद्धा सर्व्हर लागायचा, त्यामुळे लोकांच्या कपाटातल्या तबकड्या त्या दिवशी चहाच्या बशीइतक्याही कामाच्या राहिल्या नाहीत. त्याच वर्षी जानेवारीत त्याच कंपनीच्या एका अधिकाऱ्याने मुलाखतीत सुचवलं होतं की गेम आपल्या मालकीचा नसण्याची खेळणाऱ्यांनी आता सवय करून घ्यायला हवी. म्हणजे खोतसाहेब निदान स्पष्टवक्ते आहेत.

आणि पैसा गेम बनवणाऱ्यांकडे जातो म्हणावं, तर तेही नाही. मायक्रोसॉफ्टने २०२३ साली सुमारे ६९ अब्ज डॉलर मोजून अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड घेतली, आणि जानेवारी २०२४मध्ये गेम विभागातल्या १,९०० लोकांना घरी पाठवलं. राबणारा वेगळा, वसूल करणारा वेगळा. खोती म्हणजे दुसरं काय?

यावर कंपन्यांचं ठरलेलं उत्तर म्हणजे चोरी. इथे मला थोडं खाली बघावं लागतं. आमच्या त्या '९९९९ इन १' कॅसेटी चोरीच्याच होत्या, मान्य. पण आज त्रास कोणाला होतो? चोर कुलूप काढलेला गेम फुकटात घेऊन विनारेंज खेळतो, आणि पावती असलेला माझा भाचा कठड्यावर उभा राहतो. 'द विचर ३' हा गेम २०१५ पासून जीओजीवर कुलपाशिवाय मिळतो. एकदा उतरवून घेतला की नेटशिवाय चालतो. सगळीकडचा मिळून त्याचा खप २०२३ पर्यंत पाच कोटींच्या वर गेला होता. कुलूप नाही म्हणून ते काही भिकेला लागले नाहीत.

बाहेर लोक जागे होत आहेत. 'द क्रू' बंद पडल्यावर 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ उभी राहिली. विकलेला गेम कंपनीने मारू नये, या मागणीच्या युरोपातल्या अर्जाने जुलै २०२५मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा आहे: डिजिटल वस्तूचा फक्त परवाना देत असाल, तर 'विकत घ्या' असं मोघम लिहून चालणार नाही, तसं स्पष्ट सांगा.

आपल्याकडे २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल त्यात तरतूदही आहे. मग भाड्याने देताना 'विकत घ्या' म्हणणं ही दिशाभूल नाही का? माझ्या मागण्या दोनच. डब्यावर ठळक छापा, नेटशिवाय चालतो की नाही. आणि सर्व्हर बंद करताना, एकट्याने खेळता येईल इतकी तरी सोय करून जा.

तोवर माझ्यापुरतं ठरवलंय, नेटशिवाय चालत नाही तो एकट्याचा गेम घ्यायचा नाही, कितीही नाचवून दाखवला तरी. तुम्हीही मुलांना गेम घेऊन देण्याआधी दुकानदाराला एवढं विचाराच.

भाचा परत गेला. जाताना स्वतःचा गेम इथेच विसरला, आणि माझी काँट्राची कॅसेट मात्र पिशवीत घालून घेऊन गेला. ती लावायला त्याच्याकडे काही नाही. तरी नेली. असो, माझी होती, मी दिली!