स्नेहसंमेलनापलीकडचे नाटक

वसतिगृहातले मूल आपले दुःख सहसा बोलून दाखवीत नाही. दिवाळीच्या सुमारास आईवडील ऊसतोडीला गेले की हंगाम संपेपर्यंत ते त्यांच्या फोनची वाट पाहते. स्पर्धेसाठी बाहेरच्या शाळेत गेल्यावर कोणी आडनाव विचारले, तर त्या प्रश्नामागचा प्रश्नही त्याला कळतो. आम्ही विचारले की 'काही नाही, सर' एवढेच उत्तर मिळते. अशा मुलांना नाटक बोलते करू शकते, असे आमचे मत आहे. मात्र ते स्नेहसंमेलनातले नाटक नव्हे.

हे औषध आपल्या समाजाला नवे नाही. औरंगपुऱ्यातील चौकाला ज्यांचे नाव आहे, त्या महात्मा फुले यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' लिहिले. त्यात जोशाने फसवलेले कुणबी जोडपे अखेरीस शिकायला जायचे ठरवते. पुढे भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे आंबेडकरी जलसे गावोगाव फिरले. याच शहरात, नागसेनवनात, प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' १९५५ साली बाबासाहेबांच्या उपस्थितीत रंगले. इतिहास याला प्रबोधन म्हणतो आणि आम्हीही वर्गात तसेच शिकवतो. पण जलशासमोर बसलेल्या माणसाच्या मनात आणखीही काही घडत असले पाहिजे. जन्मभर वाकून जोहार घालणारा माणूस, आपल्यासारखाच कोणी ताठ उभा राहून नकार देताना पाहतो, तेव्हा इतकी वर्षे स्वतःची मानलेली लाज मुळात आपली नव्हतीच, हे त्याला उमगते. मनाची ही दुरुस्ती व्याख्यानाने क्वचितच होते.

व्हिएन्नातील मनोविकारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याच शक्तीतून 'सायकोड्रामा' ही उपचारपद्धती घडवली. तिच्यात भूमिकांची अदलाबदल महत्त्वाची असते. निघून जाणाऱ्या आईची भूमिका मुलानेच करायची. घेतलेली उचल फिटेपर्यंत मुकादमासमोर तिला काय बोलता येते आणि काय गिळावे लागते, हे त्याला तिच्या जागी उभे राहून कळते. ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांनी तर प्रेक्षकालाच प्रसंग थांबवून, स्वतः पुढे येऊन तो बदलण्याची मुभा दिली. आडनाव विचारणाऱ्याला काय उत्तर द्यावे, याची दहा रूपे मुले अशा खेळातून स्वतः शोधू शकतील.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. जयंतीच्या व्यासपीठावर मुलाला त्याचीच व्यथा सादर करायला लावण्यास आमचा स्पष्ट विरोध आहे. पाहुण्यांचे डोळे पाणावतात, टाळ्या पडतात, ढाल मिळते. आणि उघडी पडलेली जखम घेऊन ते मूल रात्री आपल्या खाटेवर एकटेच असते. उपचाराच्या नाटकाला प्रेक्षक नसतात, पाठांतर नसते, बक्षीसही नसते. सुरुवात दुसऱ्याच्या कथेतून करावी. किसागोतमीचीच घ्या. मेलेले मूल कवटाळून आलेल्या त्या मातेला तथागतांनी आधी उपदेश केला नाही; जिथे कोणाचाही मृत्यू झालेला नाही अशा घरातून मोहरी आणायला पाठवले. दारोदार फिरताना तिचे तिलाच समजले. अशा कथेआडून मूल स्वतःबद्दल हवे तेवढेच बोलू शकते. शेवटी भूमिका नीट उतरवून, शांत बसूनच त्याला बाहेर पाठवावे. ज्या मुलाची झोप किंवा जेवण तुटले आहे, त्याला मात्र थेट डॉक्टरांकडे न्यावे. तेथे नाटकाचा हट्ट नको.

संस्थेकडे आमची मागणी मोठी नाही. दर शनिवारी एक तास, दहाबारा मुले, बंद खोली आणि प्रशिक्षित समुपदेशक. त्याच्या मानधनाची तरतूद अंदाजपत्रकात करावी. आपल्या विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकलेल्या माजी विद्यार्थ्यांनी समुपदेशकाच्या सोबतीला यावे. पालकांनी 'आज काय केलेस?' असे खोदून विचारू नये. आणि त्या तासाची छायाचित्रे काढू नयेत; पुढच्या स्मरणिकेसाठीही नाही.